भिन्न कार्यपद्धती आणि समान उत्तरदायित्व

एकाच वनात दोन भिन्न कार्यपद्धती नांदू शकतात काय, या प्रश्नाच्या विचारास गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव उपयुक्त ठरते. वनविभागाचे काम कार्य आयोजनेनुसार चालते. तेथे आज्ञा वरून खाली येते व उत्तरदायित्व पदाशी निगडित असते. ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचीही असहमती उरल्यास चर्चा पुढे चालते. पहिलीत गती आहे. दुसरीत विलंब असला तरी निर्णय सर्वांचा असतो.

संघर्ष उद्भवला तो बांबूवरून. १९२७ चा वन अधिनियम बांबूस वृक्ष मानीत असे, ही तरतूद २०१७ मध्ये बदलली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र त्यास गौण वनोपज ठरविले. म्हणून २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळूनही वाहतूक परवान्याचा अधिकार वनविभागाकडेच राहिला. एप्रिल २०११ मध्ये परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. परवाना देणाऱ्यास नोंद व हिशेब ठेवावाच लागतो. हे कार्यालयीन वळण स्वीकारताना ग्रामसभेने सर्वसहमतीची रीत सोडली नाही. समान कार्यसंस्कृती म्हणजे एकसारखी पद्धती नव्हे, तर उभयपक्षी मान्य झालेले उत्तरदायित्व होय.