लहान गावाचे नभोवाणी केंद्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नभोवाणीचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या आकाशवाणीप्रमाणे तिची उभारणी शासनाने केलेली नाही. ती बहुतांशी खाजगी मालकीची असून जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते. त्यामुळे काही हजार वस्तीच्या गावातही स्वतंत्र केंद्र असू शकते आणि त्याचा भार गावातील दुकानदार, बियाण्यांचे व्यापारी व मोटारविक्रेते उचलतात.

अशा अनेक केंद्रांवर दोन गोष्टी हमखास ऐकू येतात : ‘कंट्री’ संगीत आणि स्थानिक सामन्यांचे धावते वर्णन. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकऱ्यांची कथागीते व फिडल आणि आफ्रिकी गुलामांच्या परंपरेतून आलेला बँजो यांच्या संगमातून हे संगीत घडले. नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम केंद्राने १९२५ मध्ये सुरू केलेला व पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने गाजलेला कार्यक्रम आजही चालू आहे. क्रीडावर्णनाची परंपराही तशीच जुनी आहे. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने ५ ऑगस्ट १९२१ रोजी बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन ऐकविले होते. लहान गावाला मात्र आपल्या शाळेचा संघच अधिक जवळचा. शरद ऋतूतील शुक्रवारी रात्री शालेय फुटबॉलचा सामना असला, की मैदानावर जाऊ न शकणारे आजीआजोबा नातवाचे नाव ऐकण्यासाठी रेडिओपाशी बसतात.

परंतु रात्र हीच या केंद्रांची अडचण होती. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवरील केंद्रांच्या ध्वनिक्षेपणात व्यत्यय आणतात. म्हणून अनेक लहान केंद्रांना सायंकाळी यंत्र बंद करावे लागे किंवा त्याची शक्ती फार कमी करावी लागे. २००९ मध्ये त्यांना अल्पशक्तीच्या एफएम प्रक्षेपकाची जोड घेण्याची मुभा मिळाली, आणि रात्रीचे सामने ऐकविण्याची सोय झाली.

दुसरी अडचण मनुष्यनिर्मित आहे. एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत, यावरील मर्यादा १९९६ च्या दूरसंचार कायद्याने उठविली. मोठ्या कंपन्यांनी अनेक केंद्रे विकत घेतली. कित्येक ठिकाणी निवेदकाचे बोलणे दूरच्या शहरात आगाऊ ध्वनिमुद्रित होऊ लागले. केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच परिसरात असावा, हा नियमही २०१७ मध्ये रद्द झाला.

गाणी कोठूनही पाठविता येतात. वादळाने कोणता रस्ता बंद पडला, गावात कोण निवर्तले, शाळेच्या संघाचे काय झाले, हे सांगणारा माणूस मात्र गावातच असावा लागतो. तो उठून गेला, तर केंद्र चालू राहूनही गाव मुके होते.