साधी तंबूतली सुट्टी काहींना का आवडते?

दिवाळी आटोपली की घरोघरी नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. कुणी गोव्यातले हॉटेल बघते, कुणी केरळची सहल ठरवते. पण आपल्या बेळगावातली काही कुटुंबे तंबू, सतरंज्या, घोंगड्या आणि चार भांडी गाडीत टाकतात आणि चंदगड किंवा खानापूरकडे ओळखीच्या कुणाच्या शेतात दोन रात्री राहून येतात. ऐपत असून ही मंडळी जमिनीवर का झोपतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

हौस म्हणून तंबूत राहण्याची आधुनिक पद्धत इंग्लंडमध्ये रुजली. थॉमस हायरम होल्डिंग या लंडनच्या शिंप्याने सायकलवर नेता येईल असा हलका तंबू वापरात आणला, 1901 साली सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांची संघटना काढली आणि 1908 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. आपल्याला मात्र उघड्यावरचा मुक्काम नवा नाही. वारीतल्या राहुट्या आपण जाणतो. सौंदत्तीच्या यात्रेला बैलगाड्या जुंपून जाणारी आणि माळावर चूल मांडणारी माणसे आपल्याच घरांत होती.

आवडीचे पहिले कारण झोप. 2013 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले. विजेचे दिवे नाहीत, मोबाइल नाही. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्या शरीरात सुमारे दोन तास आधी वाढू लागले. दिवसा भरपूर ऊन आणि रात्री खरा काळोख मिळाला की शरीराचे घड्याळ सूर्याशी जुळते. नऊलाच जांभया येतात त्या यामुळे.

दुसरे कारण आकाश. शहराच्या उजेडात हरवलेल्या कृत्तिका आणि मृग नक्षत्र डिसेंबरच्या रात्री सहज दाखवता येतात. आजोबांना ती नावे येतात, नातवंडांकडे डोळे आहेत. दोघांना एकत्र बसायला निमित्त मिळते.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. हॉटेलात मुले पाहुणी असतात, तंबूत ती घरची असतात. पाणी आणणे, काटक्या गोळा करणे, दोर ताणणे ही कामे त्यांच्यावाचून अडतात. आपण नसलो तर काम अडेल, ही जाणीव मुलांना एरवी फारशी मिळत नाही. शिवाय खर्च कमी, त्यामुळे वर्षातून एकदाऐवजी तीनदा जाता येते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. घरी ओट्यापाशी आणि तिथे चुलीपाशी बाईच राबणार असेल, तर ती तिची सुट्टी नव्हे. म्हणून निघण्यापूर्वीच कामे वाटून घ्यावीत. पिठले पुरुषांनी करावे, भांडी मुलांनी घासावीत. भाकरी, चटणी आणि कुंदा घरून नेले तरी कुणी हसणार नाही. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी घडीची खाट न्यावी, किंवा जवळच्या घरात त्यांची झोपायची सोय करावी.

काही पथ्येही पाळावीत. जागेच्या मालकाची आणि वनहद्दीत वनखात्याची परवानगी घ्यावी; अभयारण्यात परस्पर तंबू ठोकू नये. पावसाळ्यात घाटमाथा टाळावा आणि ओढ्याच्या पात्रात कधीच झोपू नये. दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या काळात असतो. म्हणून पाचोळ्यावर बसू नये, अंगभर कपडे घालावेत, संध्याकाळी मुलांचे अंग तपासावे आणि जाण्याआधी तिथल्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. निघताना चूल पाण्याने विझवावी आणि कचरा परत आणावा.

ही सुट्टी सर्वांना रुचेलच असे नाही आणि रुचायलाच हवी असेही नाही. ज्यांना करून पाहायची आहे, त्यांनी पहिल्यांदा एकच रात्र, गावापासून तासाभराच्या अंतरावर काढावी. सकाळी मुलांनी आपण होऊन चूल पेटवायला घेतली, तर पुढच्या वेळी दोन रात्री ठरवायला हरकत नाही.