आ वासून बसलेली मोरे ईल

इजिप्तजवळच्या लाल समुद्रात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज पडून आहे. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी ते बुडवलं. त्याच्या पोटातले लष्करी ट्रक आणि मोटारसायकली पाहायला पाणबुडे उतरतात आणि दचकतात ते तिथल्या बिऱ्हाडकरूला पाहून. फटीतून डोकं काढून, अणकुचीदार दात दाखवत मोरे ईल आ वासून बसलेली असते.

ती आपल्या वामीच्याच गणातली. सगळ्यात थोराड जातीची मोरे तीन मीटरपर्यंत वाढते. अंगाला खवले नाहीत, छातीला पर नाहीत, वर बुळबुळीत थर. कपारीत पुढेमागे सरकायला असंच अंग हवं. प्रवाळ असो की गंजलेलं लोखंड, तिला फरक पडत नाही.

तोंडाची ती उघडझाप आपल्याला धमकी वाटते, पण बिचारी श्वास घेत असते. तिच्या कल्ल्यांची बाहेरची भोकं अगदी लहान, म्हणून पाणी तोंडाने आत ढकलत राहावं लागतं.

खरी गंमत आणखी आत, घशात आहे. पुष्कळ मासे तोंड झटकन फाकवून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतात. मोरेची ती ओढ कमजोर. मग ती गिळते कशी? २००७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधक रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी वेगवान चित्रणातून ते दाखवलं. पुढच्या दातांनी सावज धरलं की घशातला दुसरा जबडा पुढे झेपावतो आणि त्याला आत खेचतो. ‘एलियन’ सिनेमावाल्यांना ही कल्पना १९७९ सालीच सुचली होती, हा भाग वेगळा!

लाल समुद्रातच संशोधक रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी तिची दुसऱ्या माशाशी असलेली भागीदारीही टिपली. ते निरीक्षण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या गोबऱ्याच्या कुळातला ग्रूपर दिवसा उघड्यावर शिकार करतो. सावज कपारीत दडलं, की तो मोरेसमोर जाऊन डोकं जोरजोरात हलवतो. ती निघते, फटींत शिरते. हा बाहेर टपून राहतो. वाटणी मात्र नाही. ज्याच्या तोंडी लागेल, त्याने अख्खं गिळायचं.

मोरेची नजर अधू, नाक तिखट. हाताने खाऊ घालणाऱ्यांची फसगत इथेच होते. थायलंडच्या सिमिलन बेटांपाशी सॉसेज भरवणाऱ्या एका पाणबुड्याचा अंगठाच तिने तोडला. यात दोष मोरेचा नाही. तेव्हा पाण्यात उतरलात तर तिला लांबूनच पाहा, खाऊ घालू नका आणि कुठल्याही कपारीत हात घालू नका.