अटारीचें खेळयंत्र

दूरचित्रवाणीच्या संचापुढें स्वस्थ बसावें आणि पडद्यावर जें येईल तें पाहावें, एवढाच अधिकार प्रेक्षकाला कित्येक वर्षें होता. तो वाढविण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेंत १९७२ सालीं झाला. राल्फ बेअर यांच्या कल्पनेवरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ‘ओडिसी’ नांवाचें यंत्र विक्रीस काढलें व त्याच्या योगानें घरच्या पडद्यावरील प्रकाशाचे ठिपके हातानें हालवितां येऊं लागले. मात्र या यंत्रांतील खेळ त्याच्या विद्युत्-जोडणींतच बांधून टाकलेले होते. यंत्र एक आणि त्यांत घालावयाच्या खेळांच्या डब्या निराळ्या, ही व्यवस्था १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनेल एफ’ यंत्रानें आणली. आणि ती घरोघर नेली ती १९७७ च्या सप्टेंबरांत निघालेल्या अटारी कंपनीच्या यंत्रानें. त्याचें मूळ नांव ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’. १९८२ पासून तें ‘अटारी २६००’ या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

यंत्राचें बाह्य रूप साधें. काळी पेटी, दर्शनी भागावर लाकडाचा भास देणारी पट्टी, आणि वर कार्ट्रिज नांवाची डबी बसविण्याची खांच. ग्रामोफोनची तबकडी बदलावी त्याप्रमाणें ही डबी बदलली कीं खेळ बदले. हातांत धरण्यासाठीं दांडा व तांबडें बटण असलेल्या दोन जॉयस्टिक असत. कांहीं खेळांना फिरविण्याची चक्री लागे. रंगीत संच सर्वांकडे नसल्यामुळें कृष्णधवल चित्रासाठीं निराळी कळ ठेवलेली होती. प्रत्येक खेळाडूची अवघडपणाची कळही स्वतंत्र होती. बाप आणि लेंक खेळावयास बसले, तर बापाची कळ अवघड बाजूस सरकवावी म्हणजे सामना बरोबरीचा होई. ही सोय योजणाऱ्याला घर म्हणजे काय तें ठाऊक होतें, यांत शंका नाहीं.

खरें आश्चर्य पेटीच्या आंत आहे. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राची आडवी १६० व उभी १९२ अशी ठिपक्यांची मांडणी धरली, तर ठिपक्यांची संख्या ३०,७२० होते. प्रत्येक ठिपका पेटलेला कीं विझलेला, एवढेंच लिहून ठेवावयाचें म्हटलें तरी ३,८४० बाइट स्मृति पाहिजे. या यंत्रांत ती होती अवघी १२८ बाइट! आजच्या संगणकांत देवनागरी लिपींतील एकेका अक्षरचिन्हास बहुधा ३ बाइट लागतात. म्हणजे मराठींतील एक मध्यम लांबीचें वाक्यही त्या स्मृतींत मावणार नाहीं. १९७७ सालीं स्मृति महाग होती आणि यंत्राची किंमत सुमारें २०० डॉलरांत बसवावयाची होती, हें या काटकसरीचें कारण.

मग चित्र उमटे तें कसें? त्या काळच्या संचांत नळीच्या आंतील इलेक्ट्रॉनांचा किरण पडद्यावर एकामागून एक आडव्या रेषा ओढी. अमेरिकन पद्धतींत एका चित्राच्या २६२ रेषा व सेकंदाला सुमारें ६० वेळां ही आवृत्ति. अटारीच्या यंत्रांतील चित्राच्या चिपेस सबंध चित्राची कल्पनाच नव्हती. तिला ठाऊक असे ती केवळ चालू रेषा. तींत ८ ठिपके रुंदीच्या दोन आकृति, दोन गोळ्या, एक चेंडू आणि पार्श्वभूमि एवढेंच तिला मांडतां येई. पार्श्वभूमीचाही अर्धाच भाग सांठविलेला असे. उरलेला अर्धा त्याची नक्कल किंवा आरशांतील प्रतिमा. या यंत्रावरील कित्येक खेळांतील भिंती दोहों बाजूंस सारख्या दिसतात, त्याचें मूळ येथें आहे.

किरण पुढच्या रेषेवर येण्यापूर्वीं या सामग्रींत हवा तो फेरबदल करणें हें काम खेळ लिहिणाऱ्याचें. एका रेषेचा अवधि यंत्राच्या ७६ ठोक्यांचा, आणि साध्यांतल्या साध्या आज्ञेस २ ठोके लागत. उशीर झाला कीं चित्र विसकटे. गुणांची मोजणी, खेळाचे नियम, शत्रूची चाल हें सर्व किरण दृश्य भागाच्या बाहेर असतांना, सुमारें ७० रेषांच्या अवकाशांत, उरकावें लागे. विणकर धाग्यामागून धागा घालून पदर उभा करतो खरा. पण त्याचा पदर टिकतो. येथें विणलेलें वस्त्र सेकंदाच्या साठाव्या भागांत नाहींसें होऊन पुन्हा पहिल्या धाग्यापासून आरंभ!

यंत्राची मूळ आंखणी रणगाड्यांची झुंज व चेंडूफळी अशा दोघांच्या खेळांसाठीं होती. तथापि कुशल लेखकांनीं त्याच्याकडून भलतींच कामें करून घेतलीं. १९८० सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्यें शत्रूंच्या सहा ओळी, व प्रत्येक ओळींत सहा शत्रू. आकृति तर दोनच! परंतु एका आकृतीच्या तीन प्रती शेजारीं शेजारीं उमटविण्याची सोय चिपेंत होती. दोहोंच्या मिळून सहा झाल्या, आणि खालच्या ओळींसाठीं त्याच पुन्हा कामास आल्या. बुद्धिबळाला मात्र एका ओळींत आठ मोहरीं लागतात. बॉब व्हाइटहेड यांनीं एका रेषेवर एकाआड एक चार मोहरीं व पुढील रेषेवर उरलेलीं चार, अशी युक्ति काढली. दुरून पाहणाऱ्यास आठही पुरीं भासत. यंत्र स्वतःच्या चालीचा विचार करूं लागलें कीं त्याला चित्र काढावयास सवड नसे, आणि तेवढा वेळ पडद्यावर नुसते रंग चमकत. डेव्हिड क्रेन यांच्या १९८२ सालच्या ‘पिटफॉल’ खेळांत अरण्याचीं २५५ दृश्यें ४,०९६ बाइटांच्या डबींत बसविलेलीं आहेत. वस्तुतः तीं दृश्यें डबींत नाहींतच. एका बाइटाच्या आंकड्यावर ठराविक क्रिया केली कीं पुढचें दृश्य निघतें आणि उलट क्रिया केली कीं मागचें.

१९८३ सालीं अमेरिकेंतील या धंद्याची बाजारपेठ कोसळली, तरी यंत्राचें उत्पादन १९९२ पर्यंत चाललें. एवढें आयुष्य त्याला मिळालें तें वर सांगितलेल्या कारागिरीमुळें. पण कारागिरांचीं नांवें डबीवर नसत. पुस्तकावर लेखकाचें नांव असतें, तबकडीवर गाणाऱ्याचें असतें. खेळावर नांव कंपनीचें, आणि मोबदला ठराविक पगार. या प्रकारास कंटाळून क्रेन, व्हाइटहेड, लॅरी काप्लान व ॲलन मिलर हे चौघे अटारी सोडून गेले व १९७९ सालीं ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी स्थापन होऊन तिचे खेळ कर्त्याच्या नांवासह निघूं लागले. दुसऱ्याच्या यंत्रासाठीं खेळ करून विकणें हा प्रकार तोंवर कोणास ठाऊक नव्हता. अटारीनें दावा लावला. १९८२ सालीं तडजोड झाली.

वॉरन रॉबिनेट यांनीं कंपनींत असतांनाच निराळा मार्ग धरला. त्यांच्या ‘ॲडव्हेंचर’ खेळांतील एका बंद कोठडींत, पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा एक ठिपका होता. डोळ्यांना तो दिसत नसे, पण उचलतां येई. तो घेऊन ठराविक भिंतीपाशीं गेल्यास भिंतींतून वाट मिळे, आणि पलीकडच्या खोलींत हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनीं रचला अशीं अक्षरें रंग पालटत झळकत. कंपनींत ही गोष्ट त्यांनीं कोणासही कळूं दिली नव्हती. खेळतां खेळतां एका मुलाला ती खोली सांपडली आणि त्यानें पत्रानें कळविलें. तोंवर कार्ट्रिजें दुकानांत पोंचलेलीं होतीं, आणि रॉबिनेट नोकरी सोडून गेलेले होते.