लग्नाची सीडी नव्या टीव्हीवर लागेना? प्लेयर विकत घेण्याआधी ‘या’ गोष्टी तपासा

बारामती / इंदापूर : दिवाळीला सगळे गावी जमतात. कपाटातल्या साड्यांखालून लग्नाच्या शूटिंगची सीडी बाहेर निघते. पोरांना आई-बाबांचे लग्न बघायचे असते. पण जुन्या प्लेयरची पिवळी-लाल-पांढरी वायर लावायला नव्या टीव्हीला जागाच नसते! बारामती शहरातला फ्लॅट असो की इंदापूर तालुक्यातली वस्ती, हा प्रसंग अनेक घरांत येतो.

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. आज हयात नसलेल्या आजी-आजोबांचे चालणे-बोलणे अनेकदा त्या एकाच सीडीत असते आणि दुसरी प्रत कुणाकडेच नसते. त्यामुळे नवे यंत्र घेताना चूक झाली, तर फक्त पैसे जात नाहीत.

प्लेयर दुकानातून गायब का झाले?

२००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. खेड्यापाड्यांत घरोघरी प्लेयर आले. नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला, ओटीटी आले आणि सीडी मागे पडली. २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत जाऊन अवसायनात निघाली. एलजीने २०२४ च्या अखेरीस ब्लू-रे प्लेयर बनवणे थांबवले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन बंद केले. म्हणजे पुढे यंत्रे आणखी कमी मिळणार.

आधी ओळखा, तुमच्याकडे नेमके काय आहे?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘सीडी’ म्हणतो. आकारही सारखाच, १२ सेंटीमीटर. पण आतला मामला वेगळा असतो. डिस्क कॉम्प्युटरमध्ये टाकून फोल्डरची नावे बघा.

• ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर दिसले, तर ती व्हीसीडी. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटे मावतात. म्हणूनच जुन्या लग्नाच्या दोन-तीन सीडी असायच्या.
• ‘व्हिडिओ_टीएस’ दिसले, तर डीव्हीडी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, म्हणजे सुमारे दोन तासांचे शूटिंग बसते.
• ‘बीडीएमव्ही’ दिसले, तर ब्लू-रे. क्षमता २५ किंवा ५० जीबी.

ब्लू-रे प्लेयरवर डीव्हीडी चालते. व्हीसीडी मात्र प्रत्येक मॉडेलवर चालेलच असे नाही. घरात लग्न, बारसे, बेलवाडीचे रिंगण असल्या व्हीसीडी-डीव्हीडीच असतील, तर महागडा ब्लू-रे प्लेयर घेण्याचे कारण नाही. ‘व्हीसीडी चालते’ असे खोक्यावर लिहिलेला साधा डीव्हीडी प्लेयर पुरतो.

टीव्हीच्या मागे काय बघायचे?

प्लेयर आणि टीव्ही दोन्हींना एचडीएमआय असेल, तर एकाच वायरीत चित्र व आवाज दोन्ही जातात. जुना प्लेयर ठणठणीत असेल, तर नवा घेऊ नका. ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टरची छोटी डबी साधारण ३०० ते ७०० रुपयांत मिळते. घेताना नाव नीट सांगा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ ही उलटी डबीही मिळते, ती इथे निरुपयोगी आहे.

काही टीव्हींना तीन छिद्रांऐवजी एकच बारीक गोल एव्ही छिद्र असते. त्याची जोडवायर टीव्हीच्या खोक्यात आली होती का, तेही तपासा. दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये काढून न्या. इंदापूर-बारामती हेलपाटा वाचेल.

मोठ्या टीव्हीवर चित्र धूसर का दिसते?

व्हीसीडीच्या चित्रात सुमारे १ लाख ठिपके असतात, डीव्हीडीत ४ लाख. फुल एचडी टीव्हीला जवळपास २१ लाख ठिपके लागतात, फोर-के टीव्हीला ८३ लाख. म्हणजे व्हीसीडी लावली, की उरलेले ८२ लाख ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. यात सीडीचा दोष नाही. अशा वेळी थोडे लांब बसा किंवा घरातला ३२ इंची टीव्ही वापरा. फक्त जुन्या सीडी बघण्यासाठी फोर-के टीव्ही घेऊ नका.

चेहरे आडवे पसरलेले दिसत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण ‘४:३’ करा. आवाजासाठी पाच स्पीकरचे होम थिएटरही लागत नाही. लग्नाच्या शूटिंगचा आवाज फार तर स्टिरिओ असतो. साधा साउंडबार भरपूर झाला.

परदेशातल्या नातेवाइकांनी चित्रपटाची डीव्हीडी आणली, तर तिचा रीजन कोड बघा. भारताचा ५ आहे, अमेरिकेचा १. कोड जुळला नाही, तर प्लेयर ती नाकारू शकतो.

सर्वांत आधी कॉपी

घरी काढलेल्या शूटिंगसाठी सर्वांत कामाची वस्तू प्लेयर नसून यूएसबी डीव्हीडी रायटर आहे. किंमत साधारण १,००० ते २,५०० रुपये. तो थेट टीव्हीला लावून उपयोग नाही, लॅपटॉपला लावायचा. लॅपटॉपला बॅटरी असल्याने मध्येच वीज गेली, तरी कॉपी थांबत नाही.

डिस्क आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग सगळे फोल्डर लॅपटॉपवर घ्या. व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये ते चालते का बघा आणि त्याची ‘एमपी४’ फाइल करा. ती पेनड्राइव्हवरून बहुतेक स्मार्ट टीव्हींवर चालते. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सहा डीव्हीडी आरामात बसतात.

पेनड्राइव्ह मात्र कायमच्या साठवणीसाठी नाही. एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी वेगळ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे. मूळ सीडीही फेकू नका. उन्हापासून दूर, उभी ठेवा आणि तिच्यावर बॉलपेनने लिहू नका.

विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डिस्कचे कुलूप तोडून कॉपी करणे वेगळे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्यासाठी शिक्षेची तरतूद आहे. असे चित्रपट प्लेयरवरच बघावेत.

थोडक्यात काय घ्यावे?

• फक्त घरचे शूटिंग असेल : यूएसबी रायटर आणि हार्ड डिस्क.
• चित्रपट-नाटकांच्या सीडी भरपूर असतील : एचडीएमआय असलेला डीव्हीडी प्लेयर.
• जुना प्लेयर चालू असेल : फक्त कन्व्हर्टर.

दुकानात जाताना घरची सर्वांत जुनी सीडी सोबत न्या आणि पैसे देण्याआधी ती तिथेच लावून बघा. मात्र त्याआधी तिची कॉपी झालेली असू द्या.