कडबनवाडीच्या माळावर स्केचबुक घेऊन

रानहत्ती रेखाटायचा असेल तर चित्रकाराला दोडामार्ग गाठावं लागतं. 2002 पासून तिथे कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत. पण लांडगा? तो इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळावर.

इथे आणि बारामतीतल्या शिर्सुफळला वन विभागाने 2024 मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ‘पडीक’ म्हणून हिणवलेल्या या माळावर चिंकारा, तरस, खोकड असे सगळे नांदतात.

चित्रकाराची खरी परीक्षा घेतो तो लांडगा. हिमालयातल्या भाईबंदांपेक्षा हा सडपातळ, आखूड केसांचा, लांब पायांचा. रंग असा, की वाळल्या गवतात उभा राहिला तर कागदावर नुसतं गवतच उतरतं! तरसाची पाठ मागे उतरती, ती दोन रेघांत पकडता येते. चिंकारा मादीलाही शिंगं असतात. नराची मात्र जाड, वळ्यांची. नवशिके नेमके इथेच चुकतात.

भारतात लांडगे उरलेत तीन हजारांच्या आसपास, आणि त्यांचं बरंचसं रान संरक्षित क्षेत्राबाहेर, धनगरांच्या मेंढ्यांच्या वाटेवरच आहे.

जायचं तर हिवाळ्यात, भल्या पहाटे. गाडीतून उतरू नका, दुर्बीण विसरू नका. उन्हं चढली की स्केचबुकासह कुंभारगावला जा. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी असतात.