वाटेवरचे क्रूस : इंग्लंडची संरक्षित स्मारके

• काय? मध्ययुगात, साधारण 9 व्या ते 15 व्या शतकांत, वाटेकडेला उभारलेले दगडी क्रूस. वाटसरूला प्रार्थनेची आठवण आणि रस्त्याची खूण. धुक्याच्या माळावर दुसरा उपयोग बहुधा जास्त मोलाचा.

• कुठे? सर्वाधिक नैर्ऋत्येला : कॉर्नवॉल आणि डेव्हनमधले डार्टमूर. दगड बहुतेक ग्रॅनाइट. कॉर्नवॉलमध्ये गोल चकतीवर कोरलेले क्रूस पुष्कळ.

• ठळक नमुना : डार्टमूरवरचा सिवर्ड्‌स क्रॉस ऊर्फ नन्स क्रॉस. उंची 2 मीटरहून अधिक. 1240 च्या सीमा-पाहणीत उल्लेख, म्हणजे उभारणी त्याआधीची. राजाच्या राखीव शिकारक्षेत्राची हद्दही तोच दाखवी. 19 व्या शतकात मोडला, लोखंडी पट्ट्यांनी सांधला. सांधा आजही दिसतो.

• कायदा : पहिला 1882 चा, सध्याचा 1979 चा. ‘शेड्यूल्ड’, म्हणजे संरक्षित यादीत नोंदलेल्या, स्मारकाची दुरुस्ती किंवा हलवाहलव करायची तर आधी सरकारची लेखी संमती. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा.

• गल्लत नको : ‘लिस्टेड’ ही इमारती व बांधकामांची वेगळी यादी, काही क्रूस दोन्हींत. नोंद झाली तरी मालकी बदलत नाही. खासगी जमिनीवरच्या क्रुसापर्यंत जाण्याचा हक्कही त्यातून मिळत नाही.